नो मॅन्स स्काय: पहिलं तांबं आणि त्यातून क्रोमॅटिक मेटल

नो मॅन्स स्काय या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये पहिला तास सगळ्यांचा साधारण सारखाच जातो. अनोळखी ग्रह, मोडकं यान आणि कानाशी सतत कुरकुरणारा सूट. त्या गडबडीत माणूस फेराइट गोळा करतो, कार्बन गोळा करतो, यान कसंबसं उडवतो आणि आपल्याला खेळ जमला असं त्याला वाटू लागतं. मग बेस कॉम्प्युटर, म्हणजे आपल्या तळाचं मूळ यंत्र, बांधायची वेळ येते, खेळ ४० क्रोमॅटिक मेटल मागतो आणि गाडी तिथेच अडते. हा धातू कोणत्याही ग्रहावर उगवत नाही, दगड फोडूनही मिळत नाही. आधी तांबं शोधायचं, ते खणायचं, मग भट्टीत घालायचं.

माझ्या ओळखीतल्या दोघांनी हा खेळ नेमका इथेच सोडला. एकजण लेझरने डोंगर भाजत बसला होता. दुसऱ्याने तांबं काढलं, पण त्याचं पुढे काय करायचं ते त्याला कळलं नाही. म्हणून हा सगळा प्रवास पायरीपायरीने लिहितो आहे. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्सने हा खेळ २०१६ साली आणला. २०१८ च्या मोठ्या अपडेटमध्ये त्यातले मूळ पदार्थ आणि त्यांचे उपयोग बरेच बदलले. त्यामुळे त्याआधीचा एखादा व्हिडिओ बघून शिकत असाल, तर तो आधी बंद करा.

निघण्यापूर्वी

तांब्यासाठी निघताना चार गोष्टी जवळ असू द्या. ऑक्सिजन, म्हणजे लाल फुलाची झाडं. लाइफ सपोर्ट त्यावर चालतो. सोडियम, म्हणजे चमकणारी पिवळी फुलं. ग्रहाची उष्णता, थंडी किंवा विषारी हवा अडवणारं कवच त्यावर भरतं. कार्बन तर कोणत्याही झाडातून मिळतो. तो लेझरलाही लागतो आणि पुढे रिफायनरलाही, म्हणजे भट्टीलाही. चौथं फेराइट डस्ट, जे साध्या दगडांतून निघतं. प्रत्येकाचे दोन-तीनशे नग असले की घाई होत नाही. साध्या मोडमध्ये एका खणात ९,९९९ नग मावतात, त्यामुळे जागेची चिंता नको.

हे सांगायचं कारण असं की तांब्याचा साठा यानापासून लांबच सापडतो. निदान मला तरी तो कधी जवळ सापडलेला नाही. यान उडवून एका साठ्यावरून दुसऱ्या साठ्यावर टुणटुण उड्या मारणं फार महागात पडतं, कारण सुरुवातीच्या यानाला प्रत्येक उड्डाणाला इंधनाची पाव टाकी लागते. चार उड्या झाल्या की टाकी रिकामी. मग तुम्ही तांबं सोडून डाय-हायड्रोजनचे निळे स्फटिक शोधत हिंडता. हजारेक पावलांच्या आतलं अंतर असेल तर सरळ चालत जा. वाटेत सोडियम आणि ऑक्सिजन आपोआप गोळा होतात.

दोन अवजारं

अॅनालिसिस व्हायजर आणि टेरेन मॅनिप्युलेटर, ही दोन्ही मल्टी-टूलमध्ये, म्हणजे हातातल्या बहुउपयोगी अवजारात, बसवायची असतात. सुरुवातीच्या मोहिमा पार पाडत गेलात तर दोन्हींचे आराखडे मिळतात, म्हणून मोहिमा सोडून भटकू नका. दोन्ही बनवायला कार्बन नॅनोट्यूब लागतात आणि एक नॅनोट्यूब ५० कार्बनची होते. म्हणजे पुन्हा झाडंच.

व्हायजर म्हणजे दुर्बीण. कॉम्प्युटरवर एफ दाबला की ती डोळ्याला लागते. साधा स्कॅनर, म्हणजे सी दाबल्यावर चहूकडे लहर सोडणारा, जवळपासची फुलं आणि स्फटिक दाखवतो. तांब्यासाठी मात्र दुर्बीणच हवी. ती लावा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. घाई केली तर खुणा नजरेतून निसटतात. आजूबाजूला साठा असेल तर क्षितिजावर छोटं चिन्ह दिसतं. त्यावर नजर रोखली की पदार्थाचं नाव येतं. तांब्याचं चिन्ह शाळेत शिकलो तेच, सीयू. नाव आलं की खूण लावा, म्हणजे दुर्बीण काढल्यावरही तो ठिपका पडद्यावर राहतो.

काहीच दिसलं नाही तर शंभर-दोनशे पावलं पुढे जाऊन पुन्हा बघा. टेकडी दिसली तर तिच्यावर चढा. सखल जागी उभं राहून बघितलं की समोरच्या टेकाडापलीकडचं निसटतं. फेराइट, सोडियमचे खडक आणि इतर साठ्यांच्या खुणाही दिसतील. त्यांच्यामागे आज लागायचं नाही.

आणखी एक, जे खेळ नवख्याला नीट समजावून देत नाही: तांबं पिवळ्या ताऱ्याच्या ग्रहांवर मिळतं. तुमची सुरुवात पिवळ्या ताऱ्यापाशीच होते, म्हणून पहिल्या तासांत हा प्रश्न येत नाही. पण चार ठिकाणी हायपरड्राइव्हने, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या इंजिनाने, फिरून आल्यावर एखाद्या लाल ताऱ्याभोवती दिवसभर तांबं शोधत बसलात, तर ते सापडणार नाही. तिथे कॅडमियम असतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

खणणं

तांबं म्हटलं की डोळ्यांपुढे घासून लखलखीत केलेला बंब येतो. खेळात तसं काही नसतं. जमिनीतून अर्धवट डोकावणारा खडबडीत ढिगारा असतो आणि त्याचा बराचसा भाग खाली गाडलेला असतो. त्याच्यावर लेझर मारू नका. लेझर सुटे दगड, झाडं आणि स्फटिक यांच्यासाठी आहे. गाडलेला साठा फक्त टेरेन मॅनिप्युलेटरने निघतो. कॉम्प्युटरवर जी दाबून अवजार बदलता येतं. समोर गोलाकार जाळी दिसू लागली की योग्य अवजार हातात आलं असं समजा.

त्या गोलाचा आकार लहान-मोठा करता येतो. पहिल्यांदा सगळेच तो मोठा ठेवतात, कारण काम पटकन उरकावंसं वाटतं. मी लहानच ठेवतो. मोठ्या गोलाने तांब्यासोबत बाजूची मातीही कापली जाते. त्या मातीची सिलिकेट पावडर होते आणि पिशवीतला एक खण उगाच अडतो. शिवाय पायाखालची जमीन गेली की तुम्ही साठ्याच्या तळाशी पडता आणि वर तांबं लोंबकळत राहतं. लहान गोल धरून ढिगाऱ्याच्या कडेने आत जा, वरून खाली या. जिथे नुसती मातीच निघू लागली, तिथे तो साठा संपला.

मॅनिप्युलेटरही चार्ज होतो, फेराइटवर. त्याचा चार्ज अर्ध्यात संपला तर घाबरू नका. आजूबाजूचे दगड लेझरने फोडा, तेच त्याचं खाद्य.

खड्डा खोल झाला तर बाहेर यायला जिन्यासारखा उतार खणा. जेटपॅकनेही जमतं, पण ते रिकाम्या हवेत पटकन दमतं. भिंतीला अंग घासत उडालात तर बराच वेळ वर चढता येतं. हा काही चोरीचा मार्ग नव्हे, सगळेच वापरतात.

सेंटिनल नावाचे उडते पहारेकरी खणताना लक्ष ठेवतात. एखादा येऊन प्रकाश टाकून तुम्हाला न्याहाळू लागला तर अवजार खाली घ्या आणि शांत उभे राहा. पुष्कळदा तो निघून जातो. चिडलाच, तर त्याच्याशी लढण्यात नवख्याचा काही फायदा नाही. मॅनिप्युलेटरने जमिनीत आडवा बोगदा खणा आणि आत सरका. दिसेनासे झालात की काही वेळाने शोध थांबतो.

वादळावरही हाच उपाय. ग्रहावर वादळ आलं की कवच भराभर उतरतं आणि नवखा माणूस सोडियम ओतत राहतो. त्यापेक्षा डोक्यावर जमीन येईल एवढं आत खणा. भूमिगत असताना कवचावर ताण पडत नाही. वादळ ओसरेपर्यंत आतलं तांबंच खणत बसा. माझी पहिली दीडशे-दोनशे नगांची कमाई अशीच वादळात झाली, आणि तेव्हापासून वादळाची सूचना आली की मला वैताग येत नाही.

किती काढायचं

हा हिशेब कुणी आधी सांगितला असता तर माझ्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या. रिफायनरमध्ये दोन तांब्यांचं एक क्रोमॅटिक मेटल होतं. म्हणजे बेस कॉम्प्युटरच्या ४० साठी ८० तांबं. हे एका साठ्यात सहज निघतं, आणि म्हणूनच लोक ८० झालं की थांबतात. थांबू नका.

पुढे काय येतं ते बघा. हायपरड्राइव्ह बांधायला १२५ क्रोमॅटिक मेटल आणि ५ मायक्रोप्रोसेसर लागतात. एका मायक्रोप्रोसेसरमध्ये ४० क्रोमॅटिक मेटल आणि एक कार्बन नॅनोट्यूब. पाचाचे २००, त्यात १२५ मिळवले की ३२५. म्हणजे तांबं ६५०. शिवाय दुसऱ्या ताऱ्याकडे उडी मारण्यासाठी वार्प सेल लागतो. त्यातल्या अँटिमॅटरसाठी २५ क्रोमॅटिक मेटल आणि २० कंडेन्स्ड कार्बन, त्याच्या डब्यासाठी ३० ऑक्सिजन आणि ५० फेराइट डस्ट. एका सेलमागे तांबं ५०.

सगळं एकत्र धरलं तर पहिल्याच मोहिमेत आठशेच्या आसपास तांबं काढून ठेवलेलं बरं. खेळ हे आकडे एकदम सांगत नाही, टप्प्याटप्प्याने मागतो, आणि प्रत्येक टप्प्याला तुम्ही पुन्हा दुर्बीण घेऊन डोंगरावर. एकाच दुपारी दोन-तीन साठे रिकामे केलेत तर पुढचे कित्येक तास तांब्याची आठवण येत नाही.

पैसे गाठीशी असतील तर एक पळवाट आहे. मायक्रोप्रोसेसर अंतराळ स्थानकांवर पुष्कळदा विकत मिळतात. पाचही विकत घेतले तर ४०० तांब्याचं खणणं वाचतं. सुरुवातीला खिशात फारसे युनिट, म्हणजे खेळातले पैसे, नसतात, म्हणून मी हा सल्ला पहिल्या क्रमांकावर ठेवलेला नाही.

भट्टी

पोर्टेबल रिफायनर बनवायला एक मेटल प्लेटिंग आणि ३० ऑक्सिजन लागतो. मेटल प्लेटिंग म्हणजे ५० फेराइट डस्ट. इतकी स्वस्त वस्तू असताना लोक एकच बनवतात आणि तिच्यासमोर उभे राहून काटा सरकताना बघतात. दोन किंवा तीन बनवा, शेजारीशेजारी ठेवा, तांबं वाटून घाला. काम तितक्या पटीने लवकर होतं.

मांडणी अशी. सपाट जागी रिफायनर ठेवा आणि उघडा. एक खण इंधनाचा, त्यात कार्बन. एक खण कच्च्या मालाचा, त्यात तांबं. तिसऱ्या खणात पक्का माल दिसेल. सुरू करा. इंधनाचा खण रिकामा असेल तर भट्टी चालणार नाही, आणि नवख्यांची पहिली तक्रार नेमकी हीच असते.

इथे एक चूक हमखास होते. कच्च्या मालाच्या खणात तांब्याऐवजी कार्बन जातो. भट्टी काही विचारत नाही, दोन कार्बनचा एक कंडेन्स्ड कार्बन करून मोकळी होते. ते वायाही जात नाही, वार्प सेलला लागतंच, पण तुम्ही क्रोमॅटिक मेटलची वाट बघत बसलेले असता. सुरू करण्यापूर्वी पक्क्या मालाचं नाव वाचा.

काम झालं की आधी माल काढा आणि मगच रिफायनर उचला. उचलायला विसरू नका हेही सांगायला हवं. माझ्या पहिल्या खेळात मी तीनशे तांबं भट्टीत घालून मधल्या वेळात ‘जरा तो अवशेष बघून येतो’ म्हणून यान घेऊन गेलो. परतायचं तर टाकीत इंधन नाही आणि भट्टीवर खूण लावलेली नाही. रात्र झाली, डोंगर सगळे सारखे दिसू लागले. ती भट्टी त्या ग्रहावर अजून कुठेतरी उभी असेल. आता मी भट्ट्या नेहमी यानाच्या पंखाखाली लावतो. थांबून राहायचा कंटाळा आला तर यानाच्या परिघात कार्बन गोळा करतो.

पुढे तळावर मोठे रिफायनर बसवता येतात. मध्यममध्ये दोन पदार्थ एकत्र घालता येतात, मोठ्यात तीन. त्यांना इंधन लागत नाही. नुसत्या तांब्यासाठी मात्र छोट्या भट्ट्या पुरतात.

तळ बांधताना एक सांभाळा. साठा खणून झालेला मोठा खड्डा दिसला की त्यात घर बांधायचा मोह होतो. भिंती आयत्या, छप्पर आयतं. पण खेळ कापलेली जमीन कायम लक्षात ठेवत नाही आणि केव्हातरी ती परत भरून येते. सकाळी यावं तर खाटेवर ढिगारा. बेस कॉम्प्युटर सपाट, न खणलेल्या जमिनीवरच ठेवा.

तांब्याच्या पुढे

हायपरड्राइव्ह चालू झालं की वेगवेगळ्या रंगांच्या ताऱ्यांकडे जाता येतं, अर्थात त्यासाठी ड्राइव्हला जोड बसवावी लागते. लाल ताऱ्यांसाठी कॅडमियम ड्राइव्ह, हिरव्यांसाठी एमेरिल ड्राइव्ह, निळ्यांसाठी इंडियम ड्राइव्ह. (जांभळे तारे २०२५ मध्ये आले. त्यांना अटलांटिड ड्राइव्ह लागतो, नवख्यांनी आत्ताच त्यांच्या नादी लागू नये.)

लाल ताऱ्याच्या कॅडमियमचं भट्टीत एकास एक क्रोमॅटिक मेटल होतं. हिरव्याच्या दोन एमेरिलचे तीन, आणि निळ्याच्या एका इंडियमचे थेट दोन. म्हणजे ज्या ४० नगांसाठी तांबं ८० लागलं, त्यासाठी कॅडमियम ४०, एमेरिल २८ आणि इंडियम अवघं २०. खणण्याची मेहनत तीच, साठाही तसाच गाडलेला, हाती मात्र चौपट. त्यामुळे पहिली दोन-चार कामं तांब्यावर भागली की एकदा निळ्या ताऱ्याकडे जा, तिथून हजारभर इंडियम आणा आणि तांबं विसरा.

अतिरेकी हवामानाच्या ग्रहांवर यांचेच सक्रिय प्रकार मिळतात. सक्रिय तांब्याचं एकास एक होतं, सक्रिय इंडियमच्या एका नगाचे चार क्रोमॅटिक. मोह होतो, पण अशा ग्रहांवर वादळं वारंवार येतात. कवच सुधारल्याशिवाय आणि खिशात सोडियम असल्याशिवाय उतरू नका.

हात न लावता धातू

बरेच तास खेळून झाल्यावर खणायचाही कंटाळा येतो. त्यासाठी मिनरल एक्स्ट्रॅक्टर आहे. त्याचा आराखडा स्पेस अॅनोमली नावाच्या खास अंतराळ स्थानकातल्या बांधकाम संशोधन केंद्रातून घेता येतो. त्याची किंमत सॅल्व्हेज्ड डेटामध्ये मोजावी लागते. तो डेटा जमिनीत गाडलेल्या तंत्रज्ञानाच्या पेट्यांमध्ये मिळतो, त्या पेट्याही व्हायजरलाच दिसतात आणि मॅनिप्युलेटरनेच निघतात. तांब्यासाठी हिंडताना वाटेत अशी पेटी दिसली तर ती सोडू नका.

अॅनोमलीतच नॅनाइट (खेळातलं दुसरं चलन) देऊन सर्व्हे डिव्हाइस घ्या आणि मल्टी-टूलमध्ये बसवा. मग व्हायजरला जमिनीखालचे धातूचे झरे दिसू लागतात, खेळात त्यांना हॉटस्पॉट म्हणतात. त्यांचे दर्जे सी, बी, ए आणि एस. एस सगळ्यात चांगला. सी दर्जाच्या जागेवर घाईने यंत्र लावून मग पश्चात्ताप करणारे मी पाहिले आहेत. थोडं पुढे गेलात तर बऱ्याचदा चांगली जागा सापडते.

यंत्राला वीज लागते. जवळ विजेचा हॉटस्पॉट असेल तर इलेक्ट्रोमॅग्नेटिक जनरेटर रात्रंदिवस चालतो. नसेल तर सोलर पॅनेल, आणि रात्रीसाठी त्यांच्या जोडीला बॅटरी. एका एक्स्ट्रॅक्टरमध्ये २५० नग मावतात, मग तो थांबतो. म्हणून त्याला पाइप लावून सप्लाय डेपो जोडा, एका डेपोत १,००० मावतात. तीन-चार डेपो लावले की तुम्ही खेळ बंद करून गेलात तरी परत येईपर्यंत ते भरलेले असतात. माल कुठल्याही एका डेपोतून उचलता येतो, पाइपने जोडलेल्या सगळ्यांचा साठा एकत्रच निघतो.